वळताना वाजस

आईला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी जळगावला न्यावं लागतं. अडावदहून निघायचं, धानोरा, मग विदगावचा तापीवरचा पूल, ममुराबाद आणि शहर. गाडी अकरा वर्षं जुनी, लहान, पेट्रोलवरची, पुढच्या चाकांवर चालणारी. वाटेत तिने कधी थांबवलं नव्हतं. त्यामुळे दिवाळीनंतर तिच्यातून आवाज यायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: आई मागच्या सीटवर थकून डोळे मिटून बसलीय आणि गाडी विदगावच्या पुलावर बंद पडलीय.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो आईनेच. मी पुढे काच लावून, पंखा सुरू करून बसलेला असतो. तिला मळमळतं, म्हणून ती मागे डाव्या खिडकीची काच खाली करून बसते. हॉस्पिटलच्या फाटकात गाडी डावीकडे वळवली की ती म्हणायची, "वाजस रे काहीतरी." मी लक्ष दिलं नाही. पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा म्हणाली, "वळताना वाजस. सरळ चालताना नही." मी विचारलं, कुठे वाजतं? तिने डाव्या दारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आठे." म्हणजे इथे.

सगळं निदान त्या दोन बोलण्यांत होतं. मी त्यातलं ‘आठे’ तेवढं धरलं आणि ‘वळताना’ सोडून दिलं. त्यापायी तीन आठवडे आणि साडेचार हजार रुपये गेले.

आधी मी घरीच पाहिलं. टायरच्या नक्षीत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने काढले. प्लास्टिकच्या व्हील-कॅप काढून दोन दिवस गाडी तशीच चालवली, कारण सैल कॅपही टकटक करते. चाकांचे नट पान्याने तपासले. ब्रेकच्या डिस्कमागे पातळ पत्रा असतो, त्यात बारीक खडी शिरली की खरखर होते, म्हणून तिथेही टॉर्च मारून पाहिलं. आवाज तसाच. काच उघडून ऐकला तेव्हा तो खरखर नव्हताच. कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा, कट-कट-कट, आणि गाडीचा वेग वाढला की कट-कटही भराभर.

मग शहरातल्या एका गॅरेजला गेलो. मी सांगितलं, पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतो. त्यांनी गाडी हमरस्त्यावर एक फेरी मारून आणली, चाक उचलून हलवून पाहिलं आणि बेअरिंग बदलायला सांगितलं. नवं बेअरिंग प्रेसवर बसवून दिलं, काम स्वच्छ होतं. पण मंगळवारी हॉस्पिटलच्या फाटकात पुन्हा कट-कट. मला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, की गेलेलं बेअरिंग असं बोलत नाही. ते गुणगुणतं. चाळीसच्या वर वेग गेला की सरळ रस्त्यावरसुद्धा घूं असा सलग आवाज येतो, आणि मोठ्या वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की तो वाढतो किंवा कमी होतो. दहाच्या वेगात, फाटकातून आत शिरताना, सुटी सुटी कट-कट करणं बेअरिंगचं काम नव्हे. हमरस्त्यावरच्या सरळ फेरीत माझा आवाज आलाच नसणार. वळताना येतो, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

चोपडा रस्त्याला एका निंबाखाली आप्पांचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, एक पिट, भिंतीवर टांगलेले पाने. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, गिऱ्हाईक कोणीही असो, अहिराणीतच बोलतात. मी डाव्या चाकाचं सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "कोठेन येस ते ऱ्हाऊ द्या. कव्हय येस ते सांगा." म्हणजे कुठून येतो ते राहू द्या, केव्हा येतो ते सांगा.

आणि मग एकामागून एक प्रश्न. सरळ रस्त्यावर येतो का? नाही. खड्ड्यातून जाताना? नाही. गतिरोधकावर? नाही. ब्रेक दाबल्यावर बंद होतो का? त्याने काही फरक पडत नाही. गाडी उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवलं तर? नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाला रेस दिली तर? नाही. वळताना अॅक्सिलरेटर दिला तर? तेव्हाच येतो, आणि जोरात येतो. वळताना क्लच दाबला तर? हे मी कधी केलंच नव्हतं. तिथेच रस्त्याकडेला करून पाहिलं. डावीकडे वळत असताना क्लच दाबला आणि कट-कट जवळजवळ विरली. क्लच सोडला, गाडीने ओढ घेतली, की परत.

या प्रश्नांनी एकेक भाग बाजूला होत गेला. खड्ड्यात खडखडलं असतं तर स्टॅबिलायझरची लिंक किंवा लोअर आर्मचं बुश पाहावं लागलं असतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना करकरलं असतं तर शॉकअॅब्सॉर्बरच्या वरचं माउंटिंग. गाडी तितक्याच वेगाने, तितकीच वळत असताना क्लचने आवाज बदलतो, म्हणजे दोष चाकाच्या फिरण्यात नाही. चाकाला फिरवणारा जोर ज्या वाटेने येतो, त्या वाटेवर तो आहे. ती वाट म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, ज्याला आपल्याकडे सरसकट एक्सल म्हणतात, आणि वळताना त्याच्या ज्या सांध्याला वाकावं लागतं तो चाकाजवळचा जॉइंट.

"एक्सलना जॉइंट ऱ्हाई," आप्पा म्हणाले, "पन आते खोलू नका. पहिले मैदानमा चला."

गावाबाहेर मक्याचं खळं मोकळं झालेलं होतं, कडक आणि सपाट. चारही काचा खाली केल्या, पंखा बंद, रेडिओ बंद. पहिल्या गिअरमध्ये स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळूहळू गोल फेरे मारायचे आणि मधे मधे हलकासा अॅक्सिलरेटर द्यायचा. आप्पा फेऱ्याच्या बाहेर, बऱ्याच अंतरावर उभे. दहाच्या वेगात माझ्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण दीड फेरा घेतं, आणि त्या ठेक्यावर कट-कट स्पष्ट ऐकू येत होती. मग पूर्ण उजवीकडे. तिकडे आवाज अगदी बारीक, तोही कधी कधीच. मग दोन्हीकडे रिव्हर्समध्ये गोल. रिव्हर्समध्ये डावीकडे घेताना तर आवाज आणखी खणखणीत आला. जोर उलट्या दिशेने लागला की जॉइंटमधल्या खाचांची दुसरी बाजू दाबली जाते, त्यामुळे पुढे जाताना लपलेला दोष कधी कधी रिव्हर्समध्ये उघडा पडतो.

त्या खळ्यावर मला एक गोष्ट कळली आणि मी गाडी थांबवून नुसता बसून राहिलो. आवाज उजवीकडून येत होता. माझ्याच पायाजवळून. तिथे भिंत नव्हती. हॉस्पिटलच्या फाटकात आत शिरताना डाव्या हाताला कंपाउंडची उंच भिंत आहे. गाडीखालून निघालेला आवाज त्या भिंतीवर आपटून आईच्या उघड्या खिडकीतून आत येत होता. माझी काच बंद. आईने जे ऐकलं ते खरंच डावीकडून ऐकलं होतं. मी मात्र त्यावरून डावं बेअरिंग बदलून मोकळा झालो.

डावीकडे वळताना आवाज असेल तर उजवा बाहेरचा जॉइंट, असा एक नियम बऱ्याच मिस्त्रींकडून ऐकायला मिळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चाकाकडे गाडीचा भार जातो, म्हणून. आप्पांनी मात्र एवढ्यावर विसंबू नका म्हणून सांगितलं, आणि मला ते पटलं. वळताना आतल्या बाजूचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त तिरपं होतं, त्यामुळे आतल्या बाजूचा जॉइंटही जास्त वाकतो आणि तोही वाजू शकतो. म्हणून कानाने संशय घ्यायचा आणि पुरावा डोळ्याने शोधायचा.

पुरावा दोन मिनिटांत सापडला. स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागे टॉर्च मारला. जॉइंटवर घड्या असलेलं रबरी आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. उजव्या बुटाच्या एका घडीच्या तळाशी बोटभर लांब चीर होती. रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या खालच्या भागावर काळ्या ग्रीसची गोल रेघ उमटलेली, त्यावर माती चिकटलेली. फिरत्या शाफ्टमधून ग्रीस बाहेर फेकलं गेलं की अशीच रेघ पडते. "बूट फाटेल शे, भाऊ. ग्रीस सम्दं उडी गयं," आप्पा म्हणाले.

ती रेघ मी आधी पाहिली होती. पोळ्याच्या सुमारास गाडी धुवायला दिली तेव्हा धुणाऱ्या मुलाने रिममागचं काळं डिझेलने पुसून काढलं आणि मला दाखवलं होतं. मी त्याला शाबासकी दिली. तेव्हाच बूट बदलला असता तर बूट, ग्रीस आणि मजुरीवर भागलं असतं. जॉइंट तेव्हा वाजत नव्हता. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

बूट कपाशीच्या खुंटांनी फाटला असं मी धरून चाललो होतो, कारण फेब्रुवारीत वेचणी संपलेल्या शेतातून मी दोन-तीनदा गाडी नेली होती. आप्पांनी चीर बोटांनी फाकवून दाखवली. खुंट लागला असता तर बुटाच्या बाहेरच्या उंचवट्यावर काप असता. ही चीर घडीच्या आत, कडेने, आणि तिच्या शेजारी बारीक बारीक भेगा. रबर कडक झालेलं. अकरा वर्षं, आणि त्यात आपल्याकडचे उन्हाळे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, वर डांबराची धग. मग पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल त्या चिरेतून आत.

तरीही आप्पांनी लगेच खोललं नाही. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, पुढून जॅक लावून दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली आप्पा हातसुद्धा घालत नाहीत, आणि कोणी घालू नये. चाक वर-खाली धरून हलवलं: बॉल जॉइंट आणि बेअरिंग घट्ट. डावी-उजवीकडे धरून हलवलं: टाय रॉडही ठीक. एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं, हाताला खरखर लागली नाही. मग मी चाक घट्ट धरलं आणि आप्पांनी शाफ्ट हाताने पुढे-मागे पिळला. बाहेरच्या जॉइंटमध्ये टक् असा स्पष्ट ढिलेपणा हाताला लागला. डाव्या बाजूला तेच केलं तेव्हा तो नव्हता. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटला थोडी आत-बाहेर सरक असते, ती असायलाच हवी, कारण चाक वर-खाली होताना शाफ्टला लांबी कमी-जास्त करावी लागते. तो आतला जॉइंट खराब असता तर वळताना कट-कट न होता सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरली असती.

काम करता करता आप्पा बोलत होते. ते शिकले अॅम्बेसिडर आणि जीपवर. अॅम्बेसिडरमध्ये पुढची चाकं फक्त वळायची, ओढायची मागची. इंजिनापासून मागे लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याचा सांधा. क्रॉसच्या सांध्याची अडचण अशी की तो वाकवून फिरवला तर त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. वाक कमी असेल तर चालतं. पण पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि चाळीस अंशांच्या आसपास वळायचंही असतं. तिथे क्रॉस टाकला तर प्रत्येक वळणावर स्टेअरिंग हातात धडधडेल. म्हणून तिथे सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट असतो. आतली वाटी, बाहेरची वाटी, दोन्हींत वाकड्या खाचा, मध्ये पिंजरा, आणि गोळ्या नेहमी वाकाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, म्हणून दोन्हीकडचा वेग सारखाच. ही रचना आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने १९२०च्या दशकात काढली, आणि १९५९ साली इंग्लंडात आलेल्या मिनी या छोट्या गाडीनंतर ती लहान गाड्यांत सगळीकडे गेली. आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा आप्पांच्या उस्तादांनी पहिल्यांदा हा जॉइंट हातात घेतला. क्रॉसला ग्रीस-गनने ग्रीस मारायची सवय असलेल्या माणसांना याला ग्रीस भरायचं तोंड, निप्पलच नाही, हे पचायला वेळ लागला. याचं ग्रीस बुटात बंद असतं, बूट शाबूत असेपर्यंत ते पुरतं, आणि बूट गेला की जॉइंटही जातो.

हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मोठा नट गाडी जमिनीवर असताना, ब्रेक दाबून ढिला करायचा असतो. मी ब्रेकवर, आप्पा पान्याला चार फुटी पाइप लावून. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते, ती आधी छिन्नीने उचलली. गिअरबॉक्समधलं तेल काढून घेतलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेर ओढून शाफ्ट काढला आणि आतलं टोक पहारीने हलकेच उचकटून सोडवलं. बूट कापला. आतलं ग्रीस मोजकंच होतं, करडं, पाणी लागून फेसाळलेलं, बोटांत चोळलं की वाळू लागत होती.

जॉइंट डिझेलमध्ये धुतला आणि एकेक गोळी काढली. हे मला पाहायचंच होतं. खाचांच्या मध्यावर, जिथे गाडी सरळ चालताना गोळ्या बसतात, तिथे चकचकीत पट्टा घासून खोल झालेला. नखाने जाणवेल इतका. त्याच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. सरळ जाताना गोळी त्या खोलगट जागेत गप्प बसते. वळताना तीच गोळी दर फेऱ्याला खाचेत पुढे-मागे धावते, खोलगटाच्या कडेवर चढते आणि उतरते, आणि मागून इंजिनाचा जोर असेल तर प्रत्येक वेळी आपटते. कट-कट म्हणजे तेच. क्लच दाबला की जोर जातो आणि आपटणंही थांबतं. आईचं ‘वळताना’ माझ्या तळहातावर पडलेलं होतं.

सुटा भाग आणायला मी जुना जॉइंट कापडात गुंडाळून जळगावला घेऊन गेलो. एकाच मॉडेलच्या गाडीत वर्षाप्रमाणे दाते बदलतात. शाफ्टकडचे आतले दाते, हबकडचे बाहेरचे दाते आणि एबीएसची दातेरी रिंग, तिन्ही काउंटरवर मोजून जुळवले. दुकानदाराने जुन्या बाजारातला पूर्ण शाफ्टही दाखवला, स्वस्त होता. पण त्याचे जॉइंट किती चाललेत हे कसं कळणार? आतला जॉइंट चांगला होता, म्हणून मी बाहेरच्या जॉइंटचा नवा संच घेतला: जॉइंट, बूट, दोन पट्टे, शाफ्ट जागेवर अडकवणारी तारेची रिंग म्हणजे सर्क्लिप, आणि काळ्या मॉलिब्डेनम ग्रीसचं पाकीट. शिवाय हबचा नवा नट आणि गिअरबॉक्सकडचं ऑइल सील. जुना नट पुन्हा वापरू नये, त्याची कड एकदा वाकलेली असते.

बसवताना आप्पांनी पाकिटातलं ग्रीस सगळं वापरलं, थोडं जॉइंटमध्ये दाबून आणि उरलेलं बुटात. साधं चॅसिस ग्रीस इथे चालत नाही. पट्टा आवळण्याआधी बुटाच्या कडेखाली बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून आत कोंडलेली हवा सोडली, नाहीतर बूट एकतर फुगतो किंवा आत ओढला जाऊन घड्या एकमेकींवर घासतात. सील बदललं, शाफ्ट आत ढकलला, सर्क्लिप बसल्याचा टक् आवाज येईपर्यंत. चाकं जमिनीवर टेकवून नट टॉर्क पान्याने आवळला आणि कड खाचेत ठोकली. गिअरबॉक्समध्ये नवं तेल.

मी विचारलं, तसंच चालवत राहिलो असतो तर? आप्पांनी हातातलं काम थांबवलं. गोळ्यांचा पिंजरा फुटला की त्या बाजूचा शाफ्ट नुसता फिरतो. डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना फिरणं वाटून देणारी गिअरबॉक्समधली रचना, सगळं फिरणं त्या सुट्या बाजूला देतं, दुसरं चाक चांगलं असून उपयोग नाही. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, आणि गाडी जागेवर. विदगावचा पूल मला तेव्हा पुन्हा दिसला.

संध्याकाळी त्याच खळ्यावर डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, पूर्ण स्टेअरिंग वळवून फेरे मारले. टायरखाली मक्याची कणसं मोडल्याचा आवाज, बाकी काही नाही.

मंगळवारी हॉस्पिटलच्या फाटकात वळताना मी माझीही काच खाली केली. आई भिंतीकडे पाहत होती. आत शिरल्यावर म्हणाली, "आज वाजनं नही." मग पिशवी उचलून उतरली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना वळवून चाकांमागे टॉर्च मारतो. उजवा बूट नवा, मऊ आहे. डावा अजून कोरडा आहे, ग्रीस बाहेर आलेलं नाही, पण आतल्या घडीत केसाएवढ्या दोन भेगा दिसायला लागल्यात. त्याचा बूट आणि ग्रीस आणून डिकीत ठेवलंय. शनिवारी आप्पांकडे जायचं आहे, आईचं डायलिसिस नसतं त्या दिवशी.